सांगलीत ऊन आणि नदीला पाणी : एका सशुल्क हवामान-सेवेचा वर्षभराचा अनुभव

गणपती पेठेतील माझ्या कागदाच्या गोदामाची जमीन रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा पोटमाळ्यावरचे गठ्ठे सोडले तर बाकी सगळ्या मालाचा लगदा झाला. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आत आले, मात्र त्या वेळी निम्मा माल आधीच हलवलेला होता. हा निम्म्याचा फरक पडला तो दीड दिवस आधी मिळालेल्या माहितीमुळे. म्हणूनच गेल्या जूनमध्ये मी वर्षाला ९०० रुपये भरून एका खासगी हवामान-सेवेची वर्गणी घेतली. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्या एकाच सेवेला लागू आहेत असे मला वाटत नाही.

रोज सकाळी सात वाजता मोबाईलवर पुढील तीन दिवसांचा अंदाज येतो, सोबत रंगवलेला नकाशा असतो, दुपारनंतर गरज पडल्यास विजांचा इशारा येतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी ‘पाणलोट पत्रक’ नावाचा आणखी एक संदेश मिळतो. माझ्या मते वर्गणीतले बहुतेक पैसे या शेवटच्या संदेशासाठीच द्यायचे असतात.

सांगलीचा पूर सांगलीच्या आकाशातून येत नाही, हे नदीकाठी वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण अंदाज लिहिणारे ते वारंवार विसरतात. कृष्णा आणि कोयना दोन्ही महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात, कऱ्हाडला एकत्र येतात आणि तेथून खाली आमच्याकडे येतात. त्यामुळे सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, म्हणजे महाबळेश्वर, नवजा आणि कोयनानगर येथे किती पाऊस पडला, यावर माझ्या गोदामाचे भवितव्य ठरते. गेल्या जुलैच्या अखेरीस एका सकाळी गावभागात चांगले ऊन होते, बायका गच्चीवर गाद्या वाळत घालत होत्या आणि सरकारी घाटावर मात्र आदल्या संध्याकाळी मोकळ्या असलेल्या पायऱ्यांपैकी तीन पाण्याखाली गेल्या होत्या. त्या दिवशीच्या सकाळच्या संदेशात सांगली जिल्ह्यासाठी ‘हलक्या सरी, हिरवा’ एवढेच होते. ते चूक नव्हते, शहरात खरोखरच चार थेंब पडले. पण नवीन वर्गणीदाराने तेवढेच वाचले असते तर तो निर्धास्त झोपला असता. घाटमाथ्याची खरी बातमी आदल्या रात्रीच्या पाणलोट पत्रकात होती. तिथे नारिंगी रंग होता, तिन्ही ठिकाणच्या पावसाचे आकडे होते आणि कोयनेचा साठा किती भरला तेही दिले होते. एकाच सेवेचे हे दोन संदेश एकमेकांशी बोलत नाहीत, ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे. सरकारी हवामान खातेसुद्धा आता ‘सातारा’ आणि ‘सातारा घाट’ असा वेगळा इशारा देते; मग पैसे घेणाऱ्या सेवेने सांगलीच्या हिरव्या रंगाशेजारी घाटाचा नारिंगी ठिपका का दाखवू नये?

पाणलोट पत्रकातील आकडे मात्र कामाचे निघाले, आणि ते कसे वाचायचे हे शिकायला मला दोन आठवडे लागले. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी) आहे आणि त्याचे पाणलोट क्षेत्र ८९० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या क्षेत्रावर सर्वत्र १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तीन टीएमसीहून अधिक पाणी होते. त्यातले सगळे धरणात येत नाही हे मान्य, पण जमीन भिजून चिंब झालेली असते तेव्हा बरेचसे येतेच. आता एक टीएमसी पाणी एका दिवसात सोडायचे तर सतत साधारण ११,५७४ क्युसेकचा (म्हणजे सेकंदाला तेवढ्या घनफुटांचा) विसर्ग लागतो. पायथा वीजगृहातून सुटणारे २,१०० क्युसेक म्हणजे या हिशेबात किरकोळ. त्यामुळे साठा नव्वद टीएमसीच्या पुढे आहे, नवजाला दोन दिवस शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस आहे आणि विसर्ग अजून २,१०० वरच आहे, असे पत्रकात दिसले की सहा वक्र दरवाजे उचलण्याची वेळ जवळ आली, हे दुकानातल्या वहीवर बेरीज करून कोणालाही कळते. मी तसेच केले. दरवाजे उघडल्याची बातमी येण्याच्या आदल्या दुपारीच दोन हमाल लावून खालचे गठ्ठे वर चढवले. त्या वेळी पाणी गोदामापर्यंत आले नाही. हमाली गेली, त्याचे दुःख नाही.

पण ही बेरीज मी केली, सेवेने केली नाही. सांगलीत कोणी क्युसेक विचारत नाही, ‘पुलाला किती फूट?’ असे विचारतात. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, ही दोन माणके येथील शाळकरी पोरालाही पाठ असतात. आणि कोणत्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी शिरते हे त्या त्या गल्लीला ठाऊक असते. उद्या संध्याकाळी पाणी अमुक ते तमुक फुटांच्या दरम्यान राहील, असा एक पट्टा जरी दिला असता तरी पत्रकाची किंमत दुप्पट झाली असती. वारणेचाही उल्लेख सुरुवातीला नव्हता. वारणा शहराच्या खालच्या अंगाला हरिपूरला कृष्णेला मिळते आणि ती तुडुंब असली की कृष्णेचे पाणी पुढे सरकायला अडते, म्हणून वारणेवरच्या चांदोली धरणाचा विसर्ग न देता सांगलीचा अंदाज पुरा होत नाही. मी तसे कळवल्यावर आठवड्याभरात तो आकडा दिसू लागला, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवतो. (खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद येथे आणत नाही, तो सुरू झाला की चहा गार होतो.)

शब्दांच्या बाबतीत ही सेवा ढिली आहे. हवामान खात्याच्या व्याख्येत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्यापुढची पायरी वेगळी. आमच्या गल्लीत मात्र पन्हाळीखाली बादली दहा मिनिटांत भरली की पाऊस मुसळधार ठरतो. दोन्ही अर्थ आपापल्या जागी योग्य आहेत, पण संदेशात शब्दापुढे आकडा नसेल तर वाचणारा स्वतःचाच अर्थ घेणार. महाबळेश्वरला २०२१ च्या जुलैत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. त्याला आणि सत्तर मिलिमीटरला एकाच विशेषणाने बांधणे बरोबर नाही.

आता विजांच्या इशाऱ्याविषयी. माझ्या दाजींचे तासगाव तालुक्यात बेदाण्याचे शेड आहे आणि वर्गणीचा दुसरा मोबाईल मी त्यांच्या नावे लावला होता. द्राक्षे डिपिंग ऑइलमधून काढून जाळ्यांवर पसरली की पुढचे बारा-पंधरा दिवस शेडवाल्याचा जीव ढगांत असतो, कारण वळिवाचा एक तिरपा फटकारा आत शिरला तरी माल काळपट पडतो आणि भाव उतरतो. एप्रिलमधल्या एका दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी त्यांना ‘विजांच्या कडकडाटासह पावसाची शक्यता’ असा संदेश आला. त्या वेळी ते ताडपत्रीचे एक टोक दातांत आणि दुसरे हातात धरून उभे होते आणि पत्र्यावर गारा वाजत होत्या. रात्री फोनवर म्हणाले, “तुमच्या संदेशानं बरोबर सांगितलं बघा, पण आमच्या पत्र्यानं आधी सांगितलं.” वळिवाचा ढग तासाभरात उभा राहतो आणि दोन गावे सोडून कोसळतो, त्यामुळे नेमकी जागा आदल्या दिवशी कोणालाच सांगता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण तोच इशारा जतपासून वाळव्यापर्यंत सगळ्यांना सरसकट पाठवला गेला, आणि तोही उशिरा. या कामासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे फुकट ॲप अधिक उपयोगी आहे. ते आपण उभे आहोत त्या जागेभोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडते आहे का ते दाखवते. दाजींच्या शेडवरच्या मजुरांना मी तेच घालून दिले. ताडपत्री वाचवायला त्याचा फारसा उपयोग नाही, पण माणसांनी वेळेत बांधावरच्या झाडाखालून निघून पक्क्या खोलीत जावे, एवढे ते साधते.

आणखी एक दोष लहान दिसतो, पण पुराच्या दिवसांत तोच सर्वांत घातक ठरतो. नकाशाच्या चित्रावर तारीख नसते, ती फक्त खालच्या मजकुरात असते. चित्र पुढे पाठवले की मजकूर मागे राहतो. आमच्या गल्लीच्या गटात लाल रंगाचा एक नकाशा सलग तीन दिवस फिरत होता आणि तिसऱ्या दिवशी घाटात पाऊस ओसरलेला असताना एका वृद्ध जोडप्याने सामान बांधून मिरजेला मुलीकडे जाण्यासाठी रिक्षा बोलावली होती. ही चूक सेवेला तीनदा कळवली. उत्तर नम्र आले. चित्र तसेच आहे.

ग्राहकसेवेचे बाकी ठीक. फोन उचलतात, मराठीत बोलतात, वर्गणी संपताना रोज पाठी लागत नाहीत.

यंदा त्यांनी जून ते ऑक्टोबर असा पाच महिन्यांचा ५०० रुपयांचा पर्याय दिला आहे. गोदामासाठी मी तो घेतला, सकाळचा संदेश बंद करून फक्त पाणलोट पत्रक चालू ठेवले आणि त्याखाली पुलाचे फूट रोज स्वतः लिहायला एक वही केली. दाजींच्या मोबाईलची वर्गणी मात्र भरली नाही. त्या पैशांत त्यांनी ताडपत्रीला नवीन दोऱ्या घेतल्या.