यूपीआय लाइट: चहा-नाश्त्याच्या पैशांचं पाकीट म्हणून कसं आहे?

यूपीआय लाइट म्हणजे ॲपमध्ये थोडे पैसे आधी भरून ठेवून ते पिन न टाकता पटकन देण्याची सोय, एवढीच त्याची ओळख आहे. सप्टेंबर 2022 मध्ये ते आलं तेव्हा हेतूही तोच होता. टपरीवरच्या दहा-वीस रुपयांच्या असंख्य व्यवहारांचा भार बँकेच्या मुख्य यंत्रणेवर पडू नये आणि गर्दीच्या वेळी पैसे मध्येच अडकू नयेत. ते काम लाइट चोख करतं. इथे तपासायचा प्रश्न दुसरा आहे: रोजचा फुटकळ खर्च, त्यातही खाण्यापिण्यावरचा, आवरायला लाइटचा उपयोग होतो का?

होतो, आणि चांगला होतो. मात्र त्यात मोठी रक्कम भरून ऑटो टॉप-अप (पैसे संपत आले की आपोआप भरणं) सुरू ठेवलं, तर हेच लाइट खर्च वाढवणारं साधन बनतं.

खिशातली पाचशेची नोट मोडायची जिवावर येते, आणि तेच पाचशे रुपये सुटे असले तर दुपारपर्यंत कुठे गेले ते कळत नाही. हा अनुभव घरोघरचा आहे आणि त्यावर रीतसर संशोधनही झालं आहे. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव यांनी 2009 मध्ये दाखवून दिलं की तेवढीच रक्कम एका मोठ्या नोटेत हातात असेल तर माणसं ती कमी खर्च करतात. पैसे देताना मनाला जी कळ लागते, ती किती लागेल हे रकमेइतकंच पैशाच्या रूपावरही ठरतं. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्रॅझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांच्या प्रयोगात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बंद बोली लावल्या. कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. खाण्याशी याचा थेट संबंध मनोज थॉमस आणि सहकाऱ्यांच्या 2011 च्या अभ्यासात दिसतो. त्यांनी एक हजार कुटुंबांची सहा महिन्यांची खरेदी तपासली. कार्डाने पैसे दिलेल्या टोपलीत बिस्किटं, केक, चिप्स अशा, बघताच उचलल्या जाणाऱ्या पदार्थांचा वाटा जास्त होता. मोह आधीपासून असतोच. रोख पैसे देताना लागणारी कळ त्याला थोडा आवर घालते, आणि ती बोथट झाली की आवरही सैल होतो.

यूपीआयने ती कळ आधीच बरीच कमी केली. नोट हातातून जात नाही, सुटे परत मोजावे लागत नाहीत, रक्कम मोठ्याने सांगणारा दुकानातला स्पीकर दुकानदारासाठी बोलतो. उरला होता तो पिन: चार किंवा सहा आकडे टाकायला लागणारे दोन-तीन सेकंद. लाइटने तेही काढून टाकले. एवढंच बघितलं तर हे उत्पादन काटकसरीच्या मुळावर उठलेलं आहे असंच वाटेल.

पण लाइटमध्ये पिन पूर्णपणे गेलेला नाही, त्याची जागा बदलली आहे. खर्च करताना पिन लागत नाही, खात्यातून लाइटमध्ये पैसे भरताना मात्र लागतो. म्हणजे आठवड्यातल्या वीस-पंचवीस छोट्या निर्णयांऐवजी एक मोठा निर्णय करावा लागतो, आणि तो भरण्याच्या क्षणी. टपरीवर, भजीचा वास नाकात शिरलेला असताना, कोणीच नीट हिशेब करत नाही. घरी, पोट भरलेलं असताना करता येतो. डॅनियल रीड आणि बार्बरा व्हॅन लीवेन यांनी अॅमस्टरडॅमच्या कचेऱ्यांमधल्या लोकांना पुढच्या आठवड्यात कोणता खाऊ हवा ते आधीच निवडायला लावलं होतं (1998). निवड करताना भूक लागलेल्यांनी पुढच्या आठवड्यासाठीही अरबट-चरबट जास्त निवडलं. म्हणून लाइटमध्ये पैसे भरायची वेळ दुपारच्या जेवणानंतरची ठेवावी, संध्याकाळी सहाची नको. ही बारीक गोष्ट आहे, पण फरक तिथेच पडतो.

सुरू करणं सोपं आहे. ॲपच्या प्रोफाइलमध्ये किंवा पैसे देण्याच्या पर्यायांमध्ये 'यूपीआय लाइट' सापडतं. खातं निवडायचं, रक्कम टाकायची, एकदा पिन द्यायचा. सध्या लाइटमध्ये एका वेळी जास्तीत जास्त 5,000 रुपये राहू शकतात आणि एका व्यवहारात 1,000 पर्यंत देता येतात. सुरुवातीला हे आकडे 2,000 आणि 200 होते. वाढवलेली मर्यादा भाजी, रिक्षा, औषधं यांसाठी सोयीची आहे, पण पाकीट म्हणून वापरणाऱ्याने ती नजरेआड करावी. 5,000 भरलेलं लाइट म्हणजे पाकीट नव्हे, दुसरं खातंच. त्यात 4,870 दिसत असताना चाळीस रुपयांचं सँडविच कोणाला खटकणार? तेच सँडविच 130 रुपये उरले असताना घ्यायचं की नाही याचा विचार होतो.

रक्कम आठवड्याची ठरवावी आणि ती प्रत्यक्ष खर्चावरून काढावी. उदाहरणादाखल: सहा कामाचे दिवस, रोज 15 रुपयांचे दोन चहा म्हणजे 180. तीन दिवस बाहेर 40 रुपयांचा नाश्ता, 120. तीन संध्याकाळी 30 रुपयांचा वडापाव किंवा भेळ, 90. फळं किंवा उसाच्या रसाला 60. झाले 450. मग 450 च भरावेत. 'चला, 500 करू' असं करू नये. गोल आकडा भरला की वरचे पन्नास कशासाठी होते ते मनाला आठवत नाही आणि ते पहिल्या दोन दिवसांतच जातात. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी मांडलेली मनातल्या खात्यांची कल्पना इथे उपयोगी पडते: ज्या पैशाला नाव आहे तो जपून वापरला जातो, बिननावाचा पैसा हवा तसा उडतो.

आता सर्वांत मोठा दोष. ऑटो टॉप-अप. शिल्लक ठरावीक आकड्याखाली गेली की खात्यातून आपोआप पैसे भरले जातात. एकदा परवानगी दिली की दर वेळी पिन लागत नाही. मेट्रो किंवा बसच्या तिकिटासाठीच लाइट वापरणाऱ्याला ही सोय उत्तम आहे. खर्च आवरायला लाइट घेणाऱ्याने मात्र ती पहिल्या दिवशीच बंद करावी. पाकिटाची सगळी ताकद ते रिकामं होण्यात असते आणि ही सुविधा ते रिकामं होऊच देत नाही. खर्च करताना पिन नाही, भरताना पिन नाही, म्हणजे थांबून विचार करायला एकही जागा उरत नाही. लाइटच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद असल्याची खात्री करावी आणि ॲपमध्ये सुरू असलेल्या ऑटोपेच्या (आपोआप पैसे कापण्याच्या परवानग्यांच्या) यादीतही एकदा नजर टाकावी.

दुसरा दोष गळतीचा. लाइटमध्ये 18 रुपये उरलेत आणि बिल 40 चं आहे. लाइट अर्धे पैसे इथून, अर्धे तिथून असं करत नाही. ॲप सरळ मुख्य खातं पुढे करतं किंवा तिथल्या तिथे टॉप-अप सुचवतं. वाईट इतकंच की ते फार सहज घडतं आणि गुरुवारीच पाकीट रिकामं झालं हेही लक्षात येत नाही. यावर खात्रीचा इलाज एकच आहे. पगाराच्या खात्याला लाइट जोडूच नये. किमान शिल्लकेची अट नसलेलं दुसरं बचत खातं असेल तर ते एका वेगळ्या ॲपमध्ये जोडावं, महिन्याच्या पहिल्या तारखेला चार-पाच आठवड्यांची रक्कम तिकडे वळवावी आणि बाहेरच्या खाण्यासाठी तेच ॲप वापरावं. पगाराच्या खात्याचं ॲप फोनच्या पहिल्या पानावरून हलवून आतल्या फोल्डरमध्ये टाकावं. हे किरकोळ वाटेल, पण लागणारा एक जास्तीचा टप्पाही हात आवरतो.

तिसरी उणीव नोंदींची आहे, आणि ती दोष आहे की गुण हे वापरणाऱ्यावर अवलंबून आहे. लाइटमधले व्यवहार बँकेच्या पासबुकात दिसत नाहीत, फक्त टॉप-अपची एक ओळ येते. पासबुक स्वच्छ राहतं, पण महिन्याअखेरीस हिशेब मांडणाऱ्याला त्या ओळीतून काहीच कळत नाही. तपशील ॲपच्या इतिहासात असतो आणि तिथेही बरेचदा टपरीच्या जागी मालकाचं नाव दिसतं. आठ दिवसांनी त्या नावावरून चहा होता की मिसळ हे आठवत नाही. ज्या ॲपमध्ये पैसे देताना टीप लिहायची जागा आहे, तिथे एक शब्द लिहावा: 'चहा', 'भेळ', 'रस'. त्याला तीन सेकंद लागतात. लाइटने काढून घेतलेले तेच तीन सेकंद असे परत मिळतात, शिवाय रविवारी इतिहास वाचता येतो.

रोख पाकिटाशी तुलना केली तर आठवड्याला एक लिफाफा ही जुनी पद्धत अजूनही सरस आहे. दिलीप सोमण आणि अमर चीमा यांनी भारतातल्याच मजूर कुटुंबांबरोबर केलेल्या अभ्यासात बाजूला काढलेली बचत एका लिफाफ्याऐवजी दोन लिफाफ्यांत विभागली तेव्हा जास्त टिकली, आणि लिफाफ्यावर मुलांचा फोटो असेल तर आणखी टिकली. दर लिफाफा फोडणं हा एक थांबा असतो. लाइटमध्ये असे कप्पे करता येत नाहीत. चहाचे वेगळे, नाश्त्याचे वेगळे असं नाही, सगळी रक्कम एकाच डब्यात. पण हल्ली रोख लिफाफा घेऊन निघालं तरी 'सुटे नाहीत, स्कॅन करा' हे ऐकावंच लागतं आणि मग खर्च पुन्हा मुख्य खात्यातून होतो. त्या दृष्टीने लाइट जास्त टिकाऊ ठरतं. कप्प्यांची उणीव आठवड्यातून दोनदा भरून थोडी भागते: सोमवारी 225, गुरुवारी 225. शनिवारपर्यंत पैसे पुरवण्याची कसरत अशाने अर्ध्यावर येते.

काही व्यावहारिक गोष्टी. लाइटमधल्या पैशांवर व्याज मिळत नाही, पण 450 रुपयांसाठी तो मुद्दाच नाही. परतावा आला तर तो लाइटमध्ये येत नाही, बँक खात्यात जातो. अनलॉक केलेला फोन दुसऱ्याच्या हाती पडला तर लाइटमधली रक्कम पिनशिवाय जाऊ शकते, म्हणून ॲपलाही कुलूप असावं. रक्कम लहान ठेवण्याचं हे दुसरं कारण. फोन बदलण्याआधी किंवा ॲप काढून टाकण्याआधी लाइट बंद करावं, म्हणजे उरलेले पैसे जोडलेल्या खात्यात परत जातात.

ज्यांचा बाहेरच्या खाण्याचा खर्च रोज थोडा-थोडा होतो त्यांना आम्ही लाइट नक्की सुचवू: विद्यार्थी, लोकलने किंवा बसने जाणारे, फिरतीवर काम करणारे. ज्यांचा खर्च महिन्यातून चार वेळा घरपोच मागवलेल्या मोठ्या ऑर्डरींवर होतो, त्यांना याचा फारसा उपयोग नाही.

पहिल्या आठवड्यात रक्कम बहुधा चुकते. दोन आठवडे सलग गुरुवारीच पाकीट रिकामं झालं तर रक्कम पन्नासने वाढवावी. ताणून कमी ठेवलेल्या रकमेमुळे नाश्ता बुडतो आणि दुपारी चारला भुकेल्या पोटी मुख्य खातं उघडलं जातं. उलट शनिवारी शंभराहून जास्त उरत असतील तर पुढच्या वेळी तेवढेच कमी भरावेत. उरलेले पैसे तिथेच ठेवून वर पूर्ण रक्कम भरली की चौथ्या आठवड्यात पाकीट इतकं फुगतं की त्याचा धाक राहत नाही.