गावभागातला तिसरा मजला की कुपवाडकडचा प्लॉट?

भाचा पुण्यात नोकरीला आहे. आईवडिलांसाठी सांगलीत घर घ्यायचं म्हणतोय आणि दोन जागांवर येऊन अडकलाय. एक, कृष्णेकाठच्या जुन्या गावभागात नव्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दुसरी, कुपवाडच्या बाजूला दीड गुंठ्याचा प्लॉट. बांधकाम धरून खर्च जवळपास तेवढाच. "मामा, तूच सांग." मी म्हटलं, दराचं नंतर बघू, आधी पूररेषा काढ.

गावभागातल्या इमारतीबद्दल एजंट सांगतो, निळ्या रेषेच्या बाहेर आहे, लालच्या आत. निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तेवढ्या पुराचं पाणी कुठवर चढेल, हे जलशास्त्राचं गणित. पण 25च का, 40 का नाही? ते नदीने सांगितलेलं नाही, सरकारी टेबलावर ठरलंय. निळीच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी, हाही टेबलावरचाच निर्णय.

'शंभर वर्षांतून एकदा' ऐकलं की माणसाला वाटतं, आपल्या हयातीत तर नाहीच. हिशेब तसा नसतो. लाल रेषेवरच्या घराला दरवर्षी 1 टक्का धोका. गृहकर्ज 20 वर्षांचं धरलं तर ते फिटेपर्यंत निदान एकदा पाणी लागण्याची शक्यता 18 टक्के होते. निळ्या रेषेवर वर्षाला 4 टक्के, म्हणजे 20 वर्षांत 56. भाच्याचा फ्लॅट या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी. आणि हेसुद्धा पुढचा पाऊस मागच्यासारखाच पडणार असं धरून. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेलं, 2019 ला 57 च्या वर, 2021 ला 54 च्या पुढे. सतरा वर्षांत तीन वेळा.

आमच्या जुन्या घरात जिन्याखाली भिंतीवर दोन रेघा आहेत. खालची 2005 ची, वडिलांनी खिळ्याने ओरखडलेली. त्यानंतर आईने हट्टाने त्या रेघेच्या दोन वीत वर भिंतीत कपाट बसवून घेतलं आणि ठेवींच्या पावत्या, घराची कागदपत्रं, मामीचा शालू, सगळं त्यात हलवलं. 2019 ला पाणी त्या रेघेच्या वर जवळजवळ चार फूट चढलं. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर पावत्यांचा लगदा आणि शालूच्या घड्यांत गाळ. मागच्या पुरावरून पुढच्या पुराची रेषा काढायची चूक आमच्या घरात झाली. सरकारी नकाशाही जुन्या नोंदींवरच उभा असतो.

तिसऱ्या मजल्यावर पाणी येणार नाही, कबूल. पण मीटर, पंप, लिफ्टची मोटर खाली पार्किंगमध्ये. 2019 सारखा आठवडा निघाला तर गुडघे दुखणारी ताई वर, आणि दूध आणायला बोट.

आता ही रेषा पुढे कुठे सरकेल? मला यातच खरी गोम वाटते. कृष्णेवर आपल्या खालच्या अंगाला कर्नाटकात अलमट्टी धरण आहे, त्याचा फुगवटा मागे सांगलीपर्यंत येतो असं इथे मानतात. त्याची पाणीपातळी आज 519.60 मीटर आहे; कृष्णा लवादाने 2010 साली ती 524.256 पर्यंत न्यायला मुभा दिली आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. दुसरीकडे 2019 च्या पुरानंतर आपल्याच सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीचा निष्कर्ष असा की तो पूर अलमट्टीमुळे आला नाही, थोड्या दिवसांत पडलेल्या प्रचंड पावसामुळे आला. (हे आमच्या कट्ट्यावर बोललो तर चहा मिळत नाही.) शिवाय पुराचं जादा पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याची योजना आहे. ती झाली की 'आता रेषा आत घ्या' म्हणून बिल्डर मंडळी रांग लावतील. नवा पाऊस हिशेबात धरला तर जलतज्ज्ञ म्हणतील, बाहेर न्या. गावभागातल्या फ्लॅटची किंमत या ओढाताणीवर टांगलेली राहणार.

कुपवाडकडे उंचवटा आहे, कृष्णा तिथवर येत नाही. तिथली भानगड वेगळी: गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेले प्लॉट. 2001 च्या कायद्याने असे प्लॉट नियमित करायला सुरुवात झाली आणि 2021 च्या दुरुस्तीने मुदत डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना वाढवली. कागद नियमित झाला म्हणून प्लॉटखालचा बुजवलेला ओढा नियमित होत नाही, तो पावसाळ्यात आपली वाट शोधतो. भाच्याला दाखवलेल्या नकाशाचा मोबाईलवरचा फोटो नेमका ओढ्याच्या बाजूनेच कापलेला होता. मोजणीचा नकाशा मागितल्यावर एजंट म्हणाला, "पुढच्या आठवड्यात देतो." तीन आठवडे झाले.

मध्येच कोणी शामरावनगरचा स्वस्त पर्याय सुचवला. तो मी ऐकूनही घेतला नाही. तिथे पाणी तुंबायला नदी लागत नाही, दोन तासांचा पाऊस पुरतो.

ताईंसाठी मी कुपवाडच्या बाजूने आहे. रेषा आत-बाहेर करणं माणसाच्या हातात आहे, जमिनीची उंची नाही. भाचा एकटा राहणार असता, मीटर-पंप पहिल्या मजल्यावर नेलेले असते आणि दर चांगला पाडून मिळाला असता, तर गावभागही चालला असता. मंडई पायाखाली, गणपती शेजारी, तिथली संध्याकाळ कुपवाडला मिळायची नाही.

प्लॉटचा व्यवहार मात्र उन्हात करायचा नाही असं ठरलंय. जुलैमधल्या पहिल्या मोठ्या पावसात भाचा पुण्याहून येणार, आणि आम्ही दोघं गमबूट घालून चारी कोपरे चालून बघणार.