मुलीच्या फिट्ससाठी कीटोजेनिक आहार : वर्ष होत आल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारण मी स्वतः असे अनुभव शोधायचे तेव्हा मला तोच आधी हवा असायचा. लेकीच्या फिट्स पूर्ण थांबलेल्या नाहीत. पण निम्म्याहून खूप कमी झाल्या आहेत, येते ती लवकर आटोपते, आणि तीनपैकी एक औषध डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केलं. आमच्या घराला याचं मोल माहीत आहे.

दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही झटके चालूच राहिले, तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार (फिट्सचा आजार, एपिलेप्सी) समजतात. साधारण तिघांतल्या एका रुग्णाच्या वाट्याला हे येतं. डॉक्टरांनी तेव्हा कीटोचा विषय काढला. आज कीटो म्हटलं की लोकांना वजन कमी करणं आठवतं, पण हा आहार निघाला तो अपस्मारासाठीच. उपाशीपोटी झटके कमी होतात हे फार जुनं निरीक्षण. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी उपाशी न ठेवता शरीरात तीच अवस्था आणण्याची कल्पना मांडली. कर्बोदकं जवळजवळ बंद केली की यकृत चरबीपासून कीटोन तयार करतं आणि मेंदूचं बरंचसं इंधन त्यातून भागतं. २००८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १४५ मुलं होती. तीन महिन्यांनंतर आहारावरच्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले, आणि ज्यांना आहार दिला नव्हता त्यांच्यात ६ टक्के मुलांचे. हा आकडा मी मनाशी पक्का धरला होता. आशा वाटावी इतका तो मोठा आहे, आणि चमत्काराची वाट पाहू नये हेही तोच सांगतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते : हे घरच्या घरी, वाचून सुरू करू नका. काही मुलांच्या शरीराला जन्मतःच चरबी जाळता येत नाही आणि अशा मुलांच्या हा आहार जिवावर बेतू शकतो. म्हणून आधी रक्त-लघवीच्या तपासण्या झाल्या, मग रुग्णालयात ठेवून सुरुवात. उलट मेंदूपर्यंत साखर पोचवणाऱ्या ग्लूट-वन नावाच्या वाहक प्रथिनाची कमतरता असेल, तर हाच पहिला उपचार असतो.

आमचं प्रमाण चारास एक. म्हणजे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम, तर स्निग्ध पदार्थ चार ग्रॅम. नव्वद टक्के उष्मांक चरबीतून येतात. ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा काटा ओट्यावर कायमचा आला. वाटीला चिकटलेलं तेलसुद्धा निपटून पोटात जायला हवं, कारण ते हिशेबात धरलेलं असतं. ताटात अन्न इतकंसं दिसतं की पहिले काही आठवडे वाढताना माझा हात जड व्हायचा. पण भूक लवकर मंदावते, तिचीही मंदावली.

खरी दमछाक तेलातुपाने होत नाही, लपलेल्या साखरेने होते. तापाचं गोड सिरप, चघळायच्या गोळ्या, टूथपेस्टसुद्धा. प्रत्येक नवीन औषधाच्या वेळी डॉक्टरांना साखरेबद्दल विचारावं लागतं. रात्री-अपरात्री दुसऱ्या रुग्णालयात जावं लागलं तर तिथे सवयीने ग्लुकोजचं सलाइन लावलं जाऊ शकतं. म्हणून आमच्या न्यूरोलॉजिस्टनी दिलेलं पत्र दप्तरात, गाडीत आणि आजीच्या पर्समध्ये ठेवलं आहे. मात्र साखर खरोखरच खाली गेली असेल तर ती द्यावीच लागते, हेही त्या पत्रात आहे.

त्रास झालेच. बद्धकोष्ठता सगळ्यात चिवट. सुरुवातीला उलट्या झाल्या आणि ती मलूल पडायची. मुतखड्याचा धोका असतो म्हणून पाणी भरपूर आणि पोटॅशियम सायट्रेट चालू आहे. या जेवणातून जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम पुरेसे मिळत नाहीत, ते बिनसाखरेच्या गोळ्यांतून द्यावे लागतात. कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडं, उंची-वजन यांवर ठरावीक काळाने नजर ठेवली जाते.

फरक मला आधी फिट्सच्या वहीत दिसला नाही, तिच्या डोळ्यांत दिसला. हाक मारली की वळून बघायला लागली. अर्धवट सोडलेलं वाक्य पूर्ण करायला लागली. वहीतले आकडे नंतर उतरले, तेही सरळ नाही. मध्येच एक वाईट आठवडा आला आणि घरात सगळे म्हणाले, सोडून देऊ. डाएटिशियननी थांबवलं. निदान तीन महिने नीट पाळल्याशिवाय हा आहार लागू पडतो की नाही हे ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि मी आज तेच इतरांना सांगते. ती वही मात्र रोज लिहा. आठवणीवर भरवसा ठेवला असता, तर आम्ही त्या आठवड्यातच थांबलो असतो.

मोठ्या मुलांना इतकं काटेकोर मोजमाप झेपत नाही. त्यांच्यासाठी सुधारित ॲटकिन्स आहार आहे, त्यात मुख्यतः कर्बोदकांवरच मर्यादा असते. कोणता घ्यायचा हे मुलाचं वय, औषधं आणि घरातल्या माणसांची ताकद पाहून ठरतं. ताकदीचा मुद्दा लहान समजू नका. एकट्या आईवर हे टाकलं तर ती मोडते. आमच्याकडे काटा बाबाही वापरतात आणि आजीही.

सहसा दोन वर्षांनी हा आहार हळूहळू सोडवतात. आमचा तो टप्पा अजून लांब आहे. सध्या तिची उंची मंद वाढते आहे, म्हणून प्रथिनं वाढवायला पुढच्या भेटीत प्रमाण तीनास एकवर आणायचं ठरतंय. फिट्स वाढल्या तर पुन्हा चारास एक.