८ कॅलरीचा आर्क-रेटेड कव्हरऑल: वापरानंतरचा अभिप्राय

आमच्या कारखान्यात ४१५ व्होल्टच्या पॅनेलवर काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियन मंडळींसाठी घेतलेले आर्क-रेटेड (विजेच्या आर्कची, म्हणजे हवेतून उसळणाऱ्या विजेच्या झोताची, उष्णता अडवण्यासाठी चाचणी केलेले) अखंड अंगभर कव्हरऑल आता रोजच्या वापरात रुळले आहेत. कापड ८८ टक्के सुती आणि १२ टक्के नायलॉनचे, ज्वालारोधक प्रक्रिया केलेले आहे. लेबलवरील एटीपीव्ही (आर्कची उष्णता अडवण्याचे रेटिंग) ८ कॅलरी प्रति चौरस सेंटिमीटरहून थोडा अधिक आहे. उघड्या त्वचेला सेकंड डिग्री भाजण्यासाठी अवघी १.२ कॅलरी पुरते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. मात्र एटीपीव्ही म्हणजे पूर्ण अभय नव्हे. तेवढ्या उष्णतेला कपड्याआडची त्वचा भाजण्याची शक्यता ५० टक्के असते, म्हणून पॅनेलसाठी काढलेल्या आर्क-ऊर्जेच्या आकड्यापेक्षा कपड्याचे रेटिंग चढेच हवे.

निवड करताना खरा वेळ गेला तो लेबल वाचण्यात. एका सप्लायरने पाठवलेल्या नमुन्यावर नुसते ‘एफआर’ (ज्वालारोधक) छापलेले होते. त्यावरून कापड पेटत राहणार नाही एवढेच समजते. आर्कची किती उष्णता ते अडवील, हे समजत नाही. तो नमुना आम्ही परत केला आणि आयईसी ६१४८२-२ या आर्क-संरक्षक कपड्यांच्या मानकाचा उल्लेख, कॅलरीतले रेटिंग आणि त्याच वजनाच्या कापडाचे टेस्ट सर्टिफिकेट असल्याशिवाय कोटेशन विचारात घ्यायचे नाही, असे ठरवले.

शिलाई उत्तम आहे. धातूच्या झिपवर आत आणि बाहेर दोन्हीकडे कापडाची पट्टी आहे, त्यामुळे तापलेला धातू अंगाला लागत नाही. शिवणीचा दोराही अरॅमिडचा (उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याचा) आहे. कामगारांची नावे छातीवर भरून घेण्याची मागणी होती. साध्या पॉलिस्टर दोऱ्याचे भरतकाम आर्कच्या उष्णतेत वितळते, म्हणून ती आम्ही नाकारली. आत नायलॉनची बनियन चालत नाही, सुतीच हवी, हेही प्रत्येकाला वेगळे सांगावे लागते.

उणीव आहे ती उकाड्याची. एप्रिल-मे महिन्यांत पॅनेल रूममध्ये घामाने पाठ भिजते आणि बाह्या दुमडण्याचा मोह होतो. दुमडलेल्या बाहीखालचा हात मात्र उघडाच राहतो. अरॅमिडचे हलके कापड अधिक सुसह्य असते, शिवाय त्याचा ज्वालारोधक गुण धाग्यातच असल्याने धुण्याने जात नाही, पण किंमत बरीच वाढते.

हा कव्हरऑल सर्व कामांना पुरत नाही. आर्कची ऊर्जा फॉल्ट करंट (बिघाडात वाहणारा प्रवाह), अंतर आणि ब्रेकर ट्रिप व्हायला लागणारा वेळ यांवर ठरते. ब्रेकरला ट्रिपचा आदेश देणाऱ्या रिलेमुळे हा वेळ दुप्पट झाला, तर ऊर्जाही साधारण दुप्पट होते. आमच्या आर्क फ्लॅश अभ्यासात (आर्कच्या ऊर्जेच्या हिशेबात) ट्रान्सफॉर्मरजवळच्या इनकमरचा (पॅनेलला वीज आणणाऱ्या मुख्य ब्रेकरचा) आकडा ८ च्या बराच वर आला, त्यामुळे तो ब्रेकर रॅक-आउट करताना (पॅनेलमधून बाहेर ओढताना) डोके झाकणाऱ्या हूडसह ४० कॅलरीचा सूट घालतात. फीडरच्या (पुढे वीज नेणाऱ्या शाखेच्या) कामाला कव्हरऑलसोबत आर्क-रेटेड फेस शील्ड आणि बालाक्लाव्हा (डोके-मान झाकणारी टोपी) सक्तीची आहे.

धुलाईत क्लोरीन ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर पूर्ण बंद ठेवावे. बोअरच्या जड पाण्यातील क्षार कापडावर बसून ज्वालारोधक गुण कमी करतात, म्हणून आम्ही सॉफ्टनिंग प्लांटचे पाणी देतो. ग्रीसचा डाग धुऊनही न निघाल्यास तो कव्हरऑल वापरातून काढतो. पुढची ऑर्डर याच कापडाची, पण शर्ट आणि पँट वेगळी अशी देणार आहोत.