मूनकेक, पपनस की चहा? चोंगछ्यूआधी चिनी सासुरवाडीला काय न्यावं

चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याची पौर्णिमा म्हणजे चोंगछ्यू. आपल्या हिशेबात ती कधी भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास येते, कधी थेट कोजागरीला. 2025 साली 6 ऑक्टोबरला दोन्ही एकाच रात्री आल्या होत्या. 2026 मध्ये ती 25 सप्टेंबरला आहे, म्हणजे इकडे अनंत चतुर्दशी असेल तेव्हा. त्या रात्री जो तो आपापल्या घरी जेवायला बसतो. म्हणून नातेवाइकांकडे भेट घेऊन जायचं ते आदल्या आठ-दहा दिवसांत. लग्न ठरलेल्या मुलाने या दिवसांत मुलीच्या आईवडिलांकडे जाणं बऱ्याच प्रांतांत गृहीतच धरलेलं असतं, आणि तो काय घेऊन आला हे घरात नीट पाहिलं जातं. चिनी घराशी सोयरीक झालेल्या मराठी मुलामुलींपुढे हा प्रश्न दर वर्षी येतो, म्हणून पर्याय शेजारी-शेजारी ठेवून पाहतो.

मूनकेकचा डबा

मूनकेक म्हणजे या सणाचा सारण भरलेला केक. हा सगळ्यात सरळ पर्याय. मूनकेक नेला तर कोणी नावं ठेवणार नाही. अडचण एवढीच की तो सगळेच नेतात. सणाच्या आठवड्यात चार भावंडांच्या घरी डब्यांची चळत लागते आणि शेवटचे डबे पुढच्या महिन्यापर्यंत पडून राहतात. तेव्हा डबा न्यायचाच असेल तर लहान न्या, पण त्या घराच्या चवीचा न्या.

चवीत प्रांताप्रांताचा फरक मोठा आहे. दुकानांत सर्वांत जास्त दिसतो तो ग्वांगदोंगचा: मऊ तपकिरी कवच, आत कमळबियांचं दाट गोड सारण आणि मधोमध खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा पिवळा बलक. तो टिकतो आणि प्रवासात मोडत नाही. सूचौचा पापुद्र्यांचा असतो. त्यातला डुकराच्या खिम्याचा प्रकार शांघायमध्ये लोक रांगा लावून गरमागरम घेतात. तो घेतला त्याच दिवशी खायचा असतो, डब्यात घालून दुसऱ्या गावी न्यायचा नव्हे. हाँगकाँगकडचा पांढरा, तांदळाच्या मऊ पारीचा प्रकार फ्रिजमध्येच ठेवावा लागतो. पाच तासांचा रेल्वेप्रवास असेल तर तो विसरा. युनानमध्ये गोडात हॅम घालतात. तिथली माणसं त्यावर जीव टाकतात, बाकीच्यांना मात्र सवय करावी लागते.

घरात मधुमेही आजी-आजोबा असतील तर चार मोठ्या मूनकेकचा डबा नेण्यात मला अर्थ दिसत नाही. साखर आणि तेलामुळे एकेक नग इतका जड असतो की चिनी घरातही तो सहा-आठ तुकडे करून चहासोबत वाटून खातात. तुम्ही स्वतः शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, पापुद्र्यांच्या प्रकारात बहुतेक वेळा डुकराची चरबी असते, आणि पाच प्रकारच्या सुक्यामेव्याचा मूनकेकही दरवेळी निर्धोक नसतो. डब्यामागची यादी वाचल्याशिवाय घासाला हात लावू नका.

भपकेबाज डबा घ्यावा का? माझं उत्तर नाही. ऑगस्ट 2022 पासून चीनमध्ये मूनकेकच्या वेष्टनावर सक्तीचे नियम लागू आहेत: जास्तीत जास्त तीन थर, आणि शंभर युआनहून महाग डब्यात वेष्टनाचा खर्च किमतीच्या 15 टक्क्यांपर्यंत. पाचशे युआनवरच्या डब्यांवर सरकारची खास नजर असते. एखादा नातेवाईक सरकारी नोकरीत असेल तर महागडी भेट त्यालाच अवघडून टाकते. 2013 मध्ये तर कम्युनिस्ट पक्षाच्या शिस्तपालन आयोगाने सरकारी पैशातून मूनकेक वाटण्यावर बंदी घातली होती. शंभर-दोनशे युआनचा नीटस डबा भरपूर झाला.

पपनस आणि इतर फळं

माझा कल इकडे आहे. दक्षिण चीनमध्ये, विशेषतः ग्वांगदोंग आणि फूजियनमध्ये, चोंगछ्यूला पपनस लागतंच. गणपतीच्या दिवसांत आपल्या बाजारात येतं तेच हे फळ. ते गोल असतं, आठवडाभर सहज टिकतं, मधुमेही माणसालाही दोन फोडी देता येतात, आणि सगळं घर भोवती बसून सोलतं. डब्यांच्या चळतीत ते उठूनही दिसतं. जोडीला डाळिंब किंवा द्राक्षं घ्या. पेअर मात्र नको: त्या नावाचा उच्चार ताटातुटीच्या शब्दासारखा आहे आणि वडीलधाऱ्यांना ते खटकतं. घड्याळ आणि छत्रीचंही तसंच. नग सम संख्येत घ्या, पण चार टाळा.

उत्तरेकडच्या खेड्यांत फळांच्या जोडीला दुधाचं खोकं नेतात. शहरातल्या माणसाला ते रुक्ष वाटेल, पण तिथे ती रीतसर भेट आहे.

खेकडे

शांघाय, सूचौ या पट्ट्यात यांगछंग तळ्याचे केसाळ खेकडे म्हणजे मानाची भेट. हे सगळं तारखेवर अवलंबून आहे. जाणकार चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात मादी खातात आणि दहाव्यात नर, म्हणजे चोंगछ्यूला हंगाम जेमतेम सुरू झालेला असतो. सण ऑक्टोबरात आला तर ठीक. सप्टेंबरात आला तर पैसे पूर्ण जातात आणि खेकडे मात्र पुरते भरलेले नसतात. शिवाय ते जिवंतच पोचायला हवेत, मेलेला खेकडा खात नाहीत. 2026 साठी मी हा पर्याय बाजूला ठेवीन.

सासऱ्यांसाठी: दारू की चहा

मुलीच्या वडिलांना पायच्यूच्या, म्हणजे धान्यापासून गाळलेल्या कडक चिनी दारूच्या, दोन बाटल्या देण्याची पद्धत जुनी आहे. त्यातली नामांकित माओताय नेली तर मान मोठा, पण किंमतही मोठी, आणि बनावट मालाचा धोका आहेच. त्यात दारू नेली की प्यायला बसावं लागतं. 53 टक्क्यांच्या दारूचे पेले एका घोटात रिचवायची सवय नसेल तर चहा न्या. लोंगचिंग या हिरव्या चहाचा चांगला डबा किंवा फूअर या दाबून वाळवलेल्या चहाची चकती दिली तर सासरे लगेच पाणी उकळायला ठेवतील आणि त्यानिमित्ताने तासभर गप्पा होतील. भाषा कच्ची असेल तर हा तास फार उपयोगी पडतो.

भारतातून काही न्यायचं असेल तर पेढे-बर्फी नको. प्रवाशांनी दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं चीनमध्ये न्यायला मनाई आहे. सासूबाईंसाठी हिमरू शाल न्या, लाल किंवा सोनेरी रंगाची. पांढरी नको.

कूपन पाठवावं की स्वतः जावं

मूनकेक आणि खेकडे दोन्हींची, दुकानात देऊन माल घ्यायची कूपनं मिळतात. ऑफिसातल्या साहेबाला ती चालतात. घरच्यांना पाठवू नका. ती हातोहात फिरतात, दलालांकडे कमी भावात विकलीही जातात, आणि वाट पाहणारी माणसं वाटच पाहत राहतात. जाणं अशक्यच असेल तर पपनसाची पेटी कुरियरने पाठवा आणि व्हिडिओ कॉल करा.

गेलात तर भेट दोन्ही हातांनी द्या. यजमान एकदोनदा 'कशाला आणलंत' म्हणतील, तो नकार समजू नका. पुडकं तुमच्यासमोर उघडलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, तो शिष्टाचार आहे. निघताना ते तुमच्याही हातात काहीतरी ठेवतील. थोडं आढेवेढे घेऊन ते घ्याच.

कधी जावं

अनेक भागांत अशी समजूत आहे की लग्न झालेल्या मुलीने चोंगछ्यूची रात्र माहेरी काढू नये. शहरातल्या तरुण जोडप्यांनी ती बरीच सोडली आहे, पण सासूबाई मानत असतील तर माहेरची भेट आधीच उरकलेली बरी. 2008 पासून हा दिवस सार्वजनिक सुट्टीचा आहे, त्यामुळे ऐनवेळी गाड्या भरलेल्या असतात. 2026 ची सुट्टी 25 ते 27 सप्टेंबर अशी आहे. त्याआधीचा रविवार, 20 तारीख, राष्ट्रीय दिनाच्या मोठ्या सुट्टीच्या बदल्यात कामाचा ठरवला आहे. म्हणजे निवांत भेटीसाठी शनिवार, 19 सप्टेंबर हाच दिवस उरतो. रेल्वेची तिकिटं 15 दिवस आधी खुली होतात, तेव्हा महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच आरक्षण करून टाका, आणि सासूबाईंना तारीख कळवा, म्हणजे त्यांना स्वयंपाकाचं ठरवता येईल.