घरच्या सायकल दुरुस्तीची हत्यारे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

तयार पेटी घ्यावी की एकेक हत्यार सुटे घ्यावे, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. एक 7 गिअरची हायब्रिड आणि एक 10 गिअरची डिस्क ब्रेकवाली, अशा दोन सायकलींवर आठ महिने दोन्ही वापरून झाल्यावर कौल सुट्या हत्यारांच्या बाजूने आहे. स्वस्त पेटीतल्या निम्म्याहून जास्त वस्तूंना हातही लागला नाही. ज्या लागतात त्या नेमक्या मऊ पोलादाच्या निघाल्या. मऊ हत्यारामुळे नुकसान होते ते सायकलीचे: बोल्टचे डोके गोल होते, आटे जातात, आणि दोनशे रुपये वाचवून हजाराचा भाग बदलावा लागतो.

म्हणून पहिला खर्च चांगल्या एलन कींवर, म्हणजे बोल्टच्या षटकोनी खाचेत बसणाऱ्या चाव्यांवर, करावा. लांब दांड्याचा एल आकाराचा संच घ्या. 2 ते 8 मिमी हवा. रोजचे काम 4, 5 आणि 6 वरच चालते. गोल टोकाची बाजू तिरकी घालून बोल्ट भरभर फिरवायला उत्तम, पण शेवटचा ताण तिने देऊ नका. तो सपाट टोकानेच द्या. की घालण्याआधी बोल्टच्या खाचेतला चिखल टाचणीने काढा. की अर्धीच आत गेली की कोपरे झिजतात, आणि मग बोल्ट काढण्यासाठी ड्रिल मशीन शोधत बसावे लागते. डिस्क ब्रेकचे रोटर (चाकाबरोबर फिरणारी चकती) बहुधा टी-25 टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या खाचेच्या, स्क्रूने बसवलेले असतात, तेव्हा ती एक की वेगळी ठेवा.

पाने नाशिकच्या टपारिया कंपनीचे घेतले तरी घरच्या कामाला भरपूर झाले. 15 मिमीचा पाना पायडलला लागतो. नेहमीच्या पान्याचे तोंड काही पायडलांना जाड पडते, त्यामुळे आधी जागा पाहून घ्या. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे माहीत असूनही हात चुकतो. सोपी खूण अशी: पाना उभा, दांडा वर, सोडवताना दोन्ही बाजूंना दांडा मागच्या चाकाकडे ओढायचा, आवळताना पुढच्या चाकाकडे. आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय पायडल बसवू नका. एक पावसाळा गेला की कोरडे पायडल क्रँकला (ज्या दांड्यावर ते बसते त्याला) असे धरते की सुटता सुटत नाही.

चेनची झीज मोजायला सुरुवातीला वेगळा गेज नसला तरी चालते. 12 इंची पोलादी पट्टी पुरते. चेन ताणून धरा, एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनची पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती 1/16 इंच पुढे सरकली तर चेन बदला. 1/8 इंच सरकेपर्यंत थांबलात तर मागची दातेरी चक्रेही झिजून गेलेली असतात आणि नवी चेन त्यांच्यावर उड्या मारते. चेन तोडण्याच्या हत्याराबाबत एकच पथ्य: पिन आणि हत्याराची सुई एका रेषेत आल्याची खात्री होईपर्यंत दांडा फिरवू नका. पेटीतली सुई वाकते ती इथेच.

सर्वाधिक पैसे वाया जातात ते मागच्या चक्रांच्या हत्यारावर, कारण फ्रीव्हील (आट्यांवर फिरवून बसवलेला चक्रांचा संच) आणि कॅसेट (सरकवून बसवलेला संच) यांतला फरक न पाहता ते घेतले जाते. दुकानात जाण्याआधी चाक काढा आणि चक्रे उलटी फिरवा. मधला खाचांचा भाग चक्रांबरोबर फिरला तर कॅसेट. स्थिर राहिला तर फ्रीव्हील. स्वस्त 7 गिअरच्या सायकलींत बहुधा फ्रीव्हील सापडते. कॅसेटला लॉकरिंगचे (चक्रे जागी धरणाऱ्या कडीचे) हत्यार आणि चक्रे धरून ठेवायला चेन-व्हिप (चेनचा तुकडा लावलेला दांडा), दोन्ही लागतात. बसवताना लॉकरिंग 40 न्यूटन मीटरपर्यंत आवळतात. फ्रीव्हीलला व्हिप लागत नाही, पण पायडल मारून मारून ते इतके घट्ट बसलेले असते की आखूड पान्याने हलत नाही. हत्यार व्हाइसमध्ये पकडा आणि चाकच स्टिअरिंगसारखे डावीकडे फिरवा.

वायर कापायला साधी पक्कड वापरली की टोक पिंजते आणि ते केसिंगमध्ये (वायरीच्या बाहेरच्या नळीत) परत जात नाही. केबल कटरला पर्याय नाही. गिअरची वायर 1.2 मिमी, ब्रेकची साधारण 1.6. केसिंगची अदलाबदल मात्र कधीच करू नका. गिअरच्या केसिंगमध्ये तारा उभ्या, लांबीच्या दिशेने असतात. ब्रेक जोरात दाबला तर ते फाटू शकते. केसिंग कापल्यावर तोंड कानशीने सपाट करा आणि आतली चेपलेली नळी दाभणाने उघडा. गिअर जड चालण्याचे कारण कित्येकदा एवढेच असते.

पंप उभा, पायाने धरायचा आणि काट्याचा असावा. घेताना तोंड पाहा: जाड श्रेडर आणि बारीक प्रेस्टा या दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हना बसणारे हवे. साध्या काळ्या सायकलींचा व्हॉल्व्ह वेगळाच असतो, पण त्याला प्रेस्टाचे तोंड बहुधा चालते. पंक्चरच्या सामानात सोल्युशनची ट्यूब लहान घ्या, कारण एकदा उघडली की काही महिन्यांत वाळते. घासून सोल्युशन लावल्यावर पाच मिनिटे थांबा. ओले असताना पॅच चिकटवला की सुटतोच. ट्यूब परत घालण्याआधी टायर आतून चाचपा, बाभळीचा काटा तिथेच असतो.

स्पोकची चावी घ्या, पण निपलच्या (स्पोकच्या टोकावरच्या नटाच्या) मापाची. चाकाचा आउट (डगमग) काढताना एका वेळी पाव फेराच द्या. टॉर्क रेंच (ठरलेल्या ताणापर्यंतच आवळणारा पाना) सायकलीत कार्बनचा भाग असेल तरच पहिल्या खरेदीत घ्या. वापरून झाल्यावर तो सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवा. क्रँक पुलर (क्रँक काढायचे हत्यार) आणि बॉटम ब्रॅकेटचे (क्रँकच्या मधल्या बेअरिंगचे) हत्यार आठ महिन्यांत एकदाही लागले नाही.

पावसाळ्यात हत्यारे पत्र्याच्या बंद डब्यात ठेवली की गंजतात. कापडाला दोन थेंब मशीन ऑइल लावून पुसा आणि जाड कापडाच्या गुंडाळीत ठेवा. गंज सोडवणारा स्प्रे चेनच्या तेलाऐवजी वापरू नका, आणि डिस्कजवळ तर मुळीच मारू नका. पॅडला तेल लागले की पॅड बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

स्टँड महाग वाटला तर खिडकीच्या गजाला दोर बांधून सीटच्या टोकाने सायकल टांगा. मागचे चाक जमिनीपासून एक वीत वर आले की गिअर लावता येतात.