पैसे आधाराच्या चौकटीचे, सिंकखाली मात्र फोम

आमच्या ह्यूस्टन परिसरात ओळखीची बरीच मराठी कुटुंबं आता आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन फिरतात. भारतातून आई-बाबा आले की त्यांनाही हॉटेलपेक्षा ट्रेलर बरा वाटतो. स्वतःचा ओटा, स्वतःचा चहा, पथ्याचं जेवण. त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. सिंकच्या दुरुस्तीत आम्हाला फसवणारा फिरता मेकॅनिक टेक्सासच्या समुद्रकाठी आरव्ही पार्कांमधून अजूनही कामं घेतो आहे, आणि त्याची रीत अशी आहे की पैसे देऊन, हात मिळवून, तुम्ही त्याला निरोप द्याल आणि फसवणूक कळेल तेव्हा तुम्ही पुढच्या गावी पोचलेले असाल.

आधी सिंकबद्दल थोडं सांगते, कारण सिंकची बांधणी कळली तर त्या माणसाची लबाडीही कळेल. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत बनतात. आमचा ट्रेलरही तिथलाच, २६ फुटी, जुना घेतलेला. वजन कमी ठेवायचं म्हणून त्यात ग्रॅनाइट वगैरे काही नसतं. ओटा म्हणजे एमडीएफचा, लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, वरून चकचकीत आवरण. स्टीलचं सिंक त्या बोर्डाला खालून लावलेलं असतं. कडेला सिलिकॉन आणि चार-सहा छोट्या क्लिपा, त्यांचे स्क्रू बोर्डात जेमतेम अर्धा इंच गेलेले. घरातला ओटा जागचा हलत नाही, तिथे हे चालून जातं. ट्रेलरमध्ये प्रत्येक खड्ड्याचा दणका त्या स्क्रूंवर येतो. सिलिकॉनला कुठे चीर पडली की पाणी बोर्डाच्या कापलेल्या कडेत मुरतं, एमडीएफ फुगतो, भुसभुशीत होतो, स्क्रूची पकड जाते आणि सिंक खाली लोंबायला लागतं. हा दोष इतका नेहमीचा आहे की त्यावर जगणारे लोक असणारच, चांगले आणि वाईटही.

आम्ही तेव्हा रॉकपोर्टला होतो. थंडीत तिथल्या अरान्सस अभयारण्यात हूपिंग क्रेन पक्षी कॅनडातून उतरतात, ते आई-बाबांना दाखवायचे होते. सिंकची पुढची कड ओट्यापासून बोटभर सुटली होती, भांडं ठेवलं की सगळंच डुगडुगायचं आणि खालच्या कपाटात पाणी ठिबकायचं. पार्कच्या लाँड्रीतल्या फळ्यावर फिरत्या मेकॅनिकचं कार्ड होतं. फोन केला, तो त्याच दुपारी आला. बोलायला अतिशय नम्र, आईला वाकून नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं, गळ्यात ओळखपत्र.

त्याने टॉर्च लावून पाहिलं आणि निदान अगदी बरोबर सांगितलं. क्लिपा सुटल्या आहेत, बोर्डाची कड फुगली आहे, नुसतं सिलिकॉन लावून भागणार नाही, खालून लाकडी चौकट करून तिच्यावर सिंकचा भार घ्यायला हवा. निदान खरं असतं म्हणूनच माणसावर विश्वास बसतो. येण्याचे १५० डॉलर, तीन तासांची मजुरी ४५०, चौकट सामानासकट ३८०. एकूण ९८०. लाकूड आणायला निम्मे आगाऊ हवेत, आणि तेही झेलवरून, म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सोयीने, कारण त्याच्या दुकानदाराला लगेच पैसे लागतात. ४९० तसे दिले. उरलेले कामानंतर क्रेडिट कार्डाने.

तासाभराने तो परत आला. हातात एक मोठी पिशवी होती, लाकूड दिसलं नाही. नवऱ्याने विचारलं तर म्हणाला, पट्ट्या मापाने कापून आणल्या आहेत, पिशवीत आहेत. मग म्हणाला, गोंदाचा वास उग्र असतो, घरात वयस्कर माणसं आहेत, तुम्ही सगळे बाहेर बसा. दार लावून घेतलं. आतून ड्रिलचा आवाज येत राहिला. काम संपल्यावर त्याने फोनवर फोटो दाखवले आणि मला पाठवलेही. सिंकखाली छान रंधलेल्या लाकडाची चौकट, चारी बाजूंनी स्क्रू. आत जाऊन आम्ही सिंक दाबून पाहिलं. दगडासारखं घट्ट. कपाटात पाहायला गेलो तर ट्रॅपच्या, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या पाइपच्या, वरच्या भागाला त्याने पांढरा प्लास्टिकचा पत्रा ठोकला होता. म्हणाला, गोंद वाळेपर्यंत हात लावू नका, धूळ बसेल. कार्ड चाललं, ९८० पूर्ण झाले.

एवढ्यावर तो थांबला नाही, आणि पुढचा भाग जास्त पैशांचा आहे. खिशातून ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र काढून त्याने कपाटासमोरच्या जमिनीत टोचलं. यंत्र कर्कश ओरडलं, आकडा शेवटच्या टोकाला. त्याचा चेहरा गंभीर. सिंकचं पाणी जमिनीखाली गेलं आहे, लाकूड कुजतंय, एखाद्या दिवशी तुमचे वडील चालता चालता खाली जातील. जमीन बदलायचे ३,४०० डॉलर, त्यातले १,५०० आत्ता दिले तर उद्या सकाळीच सुरुवात करतो.

बाबा दापोडीच्या एसटी कार्यशाळेतून निवृत्त झाले. बसच्या बॉडी बांधण्यात त्यांची नोकरी गेली. त्यांना इंग्रजी बोलायला वेळ लागतो, पण ते वाकले, जिथे टोचलं तिथे टाचेने जोर देऊन पाहिलं, मग अंगठ्याने दाबलं. मला म्हणाले, "कुजलेलं लाकूड असं वाजत नाही. त्याला सांग, हेच मशीन त्या कपाटाच्या दाराला लावून दाखव." मी सांगितलं. त्याची बॅटरी संपली. खरंच, त्याने हेच उत्तर दिलं, आणि पाचव्या मिनिटाला त्याची गाडी पार्कच्या फाटकाबाहेर गेली.

ते यंत्र कसं चालतं हे प्रत्येकाने समजून घ्यावं. दोन सुयांमधून विजेला किती विरोध होतो ते ते मोजतं. ओलं लाकूड वीज सहज जाऊ देतं, कोरडं अडवतं. पण सुया धातूला टेकल्या तर यंत्र चिंब भिजल्याची खूण देतं, मग लाकूड वाळवंटातलं का असेना. आमच्या जमिनीच्या आवरणाखाली त्या जागी जोडाची धातूची पट्टी आहे. त्याने नेमकी तीच जागा निवडली होती. नंतर आम्ही ३५ डॉलरचं तसलंच यंत्र आणलं. पट्टीवर टोचलं की ओरडतं, वीतभर बाजूला १० ते १२ टक्के, म्हणजे समुद्रकाठच्या हवेत अगदी ठणठणीत. कोणी तुमच्यासमोर असं यंत्र टोचलं तर त्याला निदान चार ठिकाणी टोचायला लावा, त्यातलं एक ठिकाण तुम्ही निवडलेलं आणि नक्की कोरडं असलेलं हवं.

दुसऱ्या दिवशी आम्ही हायवे ३५ ने घराकडे निघालो. वाटेत चहाला थांबलो तेव्हा सिंक पूर्ण खाली आलं होतं, नळाची लवचीक नळी ताणून बसली होती आणि कपाटाचा पांढरा पत्रा बाहेर फुगला होता. बाबांनी पत्रा काढला. आत लाकडाचा एक तुकडा नव्हता. खिडक्यांच्या फटी भरायला जो डब्यातला फुगणारा फोम मिळतो, तो सिंकच्या चारी बाजूंनी भरला होता. जुन्या क्लिपा तशाच लोंबत होत्या. जुनं, काळं पडलेलं सिलिकॉन न खरवडताच त्यावर नवीन फासलं होतं. फोम वाळला की उभ्या गाडीत सिंक घट्ट वाटतं, आणि रस्त्यावर तासाभराचे दणके बसले की त्याचा चुरा होतो.

मग मी ते फोटो पुन्हा मोठे करून पाहिले. फोटोतल्या पाण्याच्या नळ्या लाल आणि निळ्या आहेत. आमच्या ट्रेलरच्या सगळ्या पांढऱ्या. फोटोतल्या कपाटाच्या तळाला राखाडी रबर आहे, आमच्या तळाला लाकडी रंगाचा कागद. म्हणजे चौकट त्याला करता येते, किंवा निदान कुणाच्या तरी ट्रेलरमधल्या चांगल्या चौकटीचा फोटो त्याच्याकडे तयार आहे आणि तो तेच दाखवून पैसे घेतो. दुसऱ्याने फोनवर पाठवलेला फोटो कधीही पुरावा मानू नका. कपाट उघडं ठेवून, स्वतःच्या फोनने, नळ आणि आजूबाजूची ओळखीची वस्तू एकत्र दिसेल असा फोटो काढा.

पैशांपेक्षा मला राग आहे तो एका गोष्टीचा. आमच्या सिंकच्या मागून शेगडीकडे जाणारी प्रोपेनची तांब्याची नळी आहे. तीही त्याने फोममध्ये बुडवली. त्या डब्यातून फोमबरोबर जो वायू येतो तो पेट घेणारा असतो, म्हणूनच डब्यावर ज्योतीपासून दूर ठेवा असं छापलेलं असतं. आत बंद दारात हे चाललं होतं आणि सिलिंडर सुरू होता. शिवाय फोममध्ये गाडलेल्या नळीचा जोड पुढे कधी गळला तर साबणाचं पाणी लावून तपासायलाही जागा उरत नाही. त्याच ट्रेलरमध्ये त्या रात्री माझी आई-बाबा आणि मुलं झोपली होती. तुमच्या ओट्याखाली कुणीही हात घालणार असेल तर आधी सिलिंडर स्वतः बंद करा. टेक्सासमध्ये एलपी गॅसच्या कामाची परवानगी रेलरोड कमिशन नावाचं राज्याचं सरकारी खातं देतं, तेव्हा गॅसच्या नळीशी खेळणाऱ्याला ती परवानगी विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. गळ्यातल्या ओळखपत्रावर जाऊ नका. एल्कहार्टची आरव्ही टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि टेक्सासमधल्याच अथेन्स गावची नॅशनल आरव्ही ट्रेनिंग अकॅडमी इथे तंत्रज्ञ खरोखर शिकतात. कुणी त्यांचं नाव सांगितलं तर त्याच्यासमोरच संस्थेला फोन करून विचारा.

खरं काम काय असतं ते बाबांनी घरी आल्यावर करून दाखवलं, आणि ते मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण हे माहीत असेल तर कुणाच्याही कामाकडे पाहून ते झालंय की नाही हे तुम्हाला सांगता येईल. आधी पाणी आणि गॅस बंद, ट्रॅप सोडवला, सिंक उतरवलं. फोम प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला, तांब्याच्या नळीजवळ धारदार काही वापरलं नाही. जुनं सिलिकॉन पूर्ण काढून जागा अल्कोहोलने पुसली, कारण सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला धरत नाही. बोर्डाची फुगलेली कड तासून, पंखा लावून वाळवली आणि तिच्यात पातळ इपॉक्सी गोंद जिरवला. मग सिंकच्या दोन्ही बाजूंना पाऊण इंची प्लायवूडच्या पट्ट्या कपाटाच्या भिंतींना उभ्या लावल्या, गोंद आणि स्क्रू दोन्ही. स्क्रूची लांबी त्यांनी प्रत्येक ठिकाणी मोजली, पलीकडे वायर किंवा बाहेरची भिंत येत नाही ना ते पाहिलं. त्या पट्ट्यांवर पुढे आणि मागे दोन आडव्या रिपा. सिंकची कड ह्या रिपांवर बसते. आता ओझं बोर्डाला टांगलेलं नाही, ते कपाटाच्या भिंतींतून जमिनीवर उतरतं. बाबा म्हणाले, बसच्या टपावरचा कॅरियर पत्र्याला कधी लावत नाहीत, खालच्या खांबांना लावतात, तसंच हे.

कडेला नवीन सिलिकॉन भरून, खाली फळी आणि गाडीचा छोटा जॅक लावून सिंक हलकेच वर दाबलं. जोर जास्त दिला तर पातळ ओटा मधून उचलतो, म्हणून वर सरळ पट्टी ठेवून पाहत होते. पूर्ण २४ तास पाणी नाही. पुढची रीप फक्त स्क्रूने लावली आहे, गोंद नाही, म्हणजे कधी ट्रॅप काढायचा झाला तर ती सोडवता येईल. सामान ७० डॉलरच्या आत आलं.

आता पैशांचं. कार्डाने दिलेले ४९० परत मिळाले. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्यानुसार न झालेल्या कामाचं बिल लावलं असेल तर ते स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांत बँकेला लेखी कळवावं लागतं. काम झालं पण निकृष्ट झालं, असा वाद असेल तर नियम वेगळे आहेत आणि आपल्यासारख्या फिरणाऱ्यांना ते अडचणीचे आहेत. रक्कम ५० डॉलरपेक्षा जास्त हवी, व्यवहार तुमच्याच राज्यात किंवा घराच्या पत्त्यापासून १०० मैलांच्या आत झालेला हवा, आधी त्या माणसाकडे दाद मागितलेली हवी, आणि ते पैसे तुम्ही कार्डाच्या बिलात भरून टाकलेले नसावेत. रॉकपोर्ट आमच्याच राज्यात आहे. न्यू मेक्सिकोत किंवा कोलोरॅडोत असतो तर "काम वाईट केलं" एवढ्यावर हा मार्ग उघडला नसता. आम्ही बँकेला स्पष्ट लिहिलं की चौकटीचे पैसे घेतले आणि चौकट बसवलीच नाही. सोबत त्याने पाठवलेला फोटो आणि आमच्या कपाटाचा फोटो शेजारी शेजारी लावले, लाल-निळ्या नळ्यांभोवती गोल काढून. तेच कामाला आलं.

झेलचे ४९० आलेले नाहीत. आपण स्वतःहून पाठवलेले पैसे असे परत मिळवून द्यायला बँक बांधील नसते, आणि हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो पहिला हप्ता तिथूनच मागतो. टेक्सासच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार दिली आहे. जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, २०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, तोही लावायचा आहे. अडलंय ते एका ठिकाणी. समन्स बजावायला माणूस प्रत्यक्ष सापडेल असा पत्ता लागतो, आणि त्याच्या बिलावर फक्त पोस्टाच्या पेटीचा नंबर आहे. आमची नोटीस तिथून परत आली. आता त्याच्या गाडीची नंबर प्लेट पार्कच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात सापडते का, ते पार्कच्या व्यवस्थापक बाई बघत आहेत. रॉकपोर्ट, पोर्ट अरान्सस, मस्टँग आयलंड ह्या पट्ट्यात कुणाच्या सिंकखाली पांढरा पत्रा ठोकलेला असेल, तर तो आजच काढून बघा, आणि आत फोम निघाला तर बिलासकट मला कळवा. दाव्यात दुसरं कुटुंब सोबत आलं तर फार बळ येईल.